एकच भाव, बसून बोलू

मार्गशीर्षातला दुसरा शनिवार. लग्नाच्या बस्त्याचा अंदाज एक लाख ऐंशी हजार. दुकानात हजर माणसं तेवीस. त्यांत प्रत्येकी एक मत असलेली बावीस आणि दोन मतं असलेले एक, म्हणजे आमचे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हा माणूस जन्मात कधी एका बाजूला उभा राहिलेला मी पाहिलेला नाही. देवानं माणसाला डोळे दोन दिले, कान दोन दिले, डोकं मात्र एकच दिलं. साडूंनी त्या एका डोक्यात दोन भाडेकरू ठेवले आहेत, आणि विशेष म्हणजे त्या भाडेकरूंचं आपसात कधी वाजत नाही. वाजतं ते बाहेरच्यांचं, बहुतेक वेळा माझं. मी नांदेडला एका कॉलेजच्या कार्यालयात हिशेब बघतो. आमच्याकडे जमा ती जमा आणि नावे ते नावे. हे मी एकदा साडूंना जरा तावातच सुनावलं, तर ते शांतपणे म्हणाले, "साडूभाऊ, तुमच्याच वहीत एक रक्कम दोन ठिकाणी लिहितात की न्हाई? एकीकडं जमा, दुसरीकडं नावे. दोन्ही लिहिल्याबिगर तुमचा मेळ बसत न्हाई. मग मी तेच केलं की चुकतं कसं?" एवढी वर्षं मी तेच करतो आहे, पण माझ्या कामाकडे कुणी असं बोट दाखवलं नव्हतं. मी विषय बदलला.

चहाचं घ्या. ते लातूरचे. नांदेडला आमच्याकडे आले आणि माझ्या बायकोनं विचारलं, "दाजी, चहा टाकू का?" की उत्तर ठरलेलं: "नको. टाकलाच तर साखर नको. आणि टाकणारच असाल तर बिनसाखरेचा कशाला टाकता?" यातून नेमकं काय करायचं हे जगात दोनच बायकांना कळतं, आणि त्या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. शनिवारचा उपवास ते तीस वर्षं धरतात आणि तीस वर्षं मोडतात. दुपारी ऐन जेवणाच्या वेळी एक फुटाणा तोंडात टाकतात. एकच. "उपवास पुरा झाला की माणसाला गर्व चढतो. एका फुटाण्यानं गर्व उतरतो, पण पोट काही भरत न्हाई. म्हणजे उपवास बी राहिला." मी हिशेब करून पाहिला. वर्षाचे बावन्न धरले तर आजवर साधारण पंधराशे साठ फुटाणे होतात. पाव किलोच्या वर गर्व या माणसानं आजवर उतरवला आहे.

लातुरात पाण्याचे दिवस कठीण होते तेव्हाची गोष्ट. साडूंच्या अंगणातल्या बोअरला पाणी लागलं. गल्लीत पेढे वाटले, मेहुणीनं बोअरला हळदकुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडू घागर घेऊन नेहमीसारखे टँकरच्या रांगेत! लोक चिडले. "ओ काका, घरी पाणी असून आमच्या वाटणीचं कामून घेऊन राहिले?" साडू म्हणाले, "पाणी कोण घेऊन राहिलं? नुसता उभा हाय." खरोखरच नंबर आला की ते तो मागच्या बाईला द्यायचे आणि पुन्हा शेवटी जाऊन उभे राहायचे. वर त्या रांगेतल्या चार घरांना संध्याकाळी आपल्या बोअरची नळी सोडायचे. मी विचारलं, हा कुठला प्रकार? तर म्हणाले, "बोअर लागलं म्हणून रांग सोडायची नसते. बोअरमध्ये पाणी असतं, रांगेत माणसं असतात."

असा माणूस एखाद्या कचेरीत टिकला कसा, असं वाटेल. टिकले नुसते नाहीत. एका दाल मिलमध्ये व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून त्यांना उसंत नाही. लातुरात कुणाला काही बदलायचं असलं आणि माणसं बदलू देत नसली की साडूंना बोलावणं येतं. मानधन घेत नाहीत. शाल दिली तर घेतात आणि तीच पुढच्या ठिकाणी दुसऱ्याला देतात. एका शिकवणी वर्गाच्या मालकांना फळा काढून मोठा पडदा लावायचा होता. गणिताचे सर अडून बसले, "हातात खडू नसला तर मला गणित सुचत नाही." साडूंनी काय करावं? पडदा केवढा आणायचा, कुठं लावायचा, कधी चालू करायचा, हे सगळं त्या सरांच्याच गळ्यात घातलं. सरांनी आठवडाभर विचार करून पडदा लावला, आणि त्याच्या शेजारी पूर्वीपेक्षा मोठा फळा लावून घेतला. मालक डोक्याला हात लावून बसले. साडू खूश. "पडदा लागला की न्हाई? मग फळा वाढला तर वाढू द्या की ओ. नवं आणायचं तर जुन्याला आधी जागा जास्त द्यावी लागते. सून घरात यायची असली की सासूची साडी आधी घेतात, ती उगं का?"

हे सासूच्या साडीचं वाक्य बाजारभर फिरलं असावं, कारण पुढचं बोलावणं साड्यांच्या दुकानातूनच आलं. दुकान जुनं. भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी गादी, चपला दाराबाहेर, गिऱ्हाईक लोडाला टेकून, आणि समोर मांडी घालून रशीदभाई. रशीदभाई साडी दाखवत नसत, उधळत. मनगटाला एक झटका दिला की सहा वारांच्या साडीचा पदर बरोबर त्या बाईच्या गुडघ्यापाशी येऊन थांबायचा, जिला ती साडी आवडली होती पण जी नवऱ्यापुढं बोलत नव्हती. मिसरूड फुटायच्या आधी त्या गादीवर बसले ते दाढी पांढरी झाली तरी तिथंच. गिऱ्हाइकं दुकानाचं नाव विसरायची; रशीदभाईंकडं जायचं म्हणायची.

थोरल्या शेठजींनी अंथरूण धरलं आणि त्यांचे चिरंजीव पुण्याहून शिकून परत आले. बाजार त्यांना धाकटे शेठ म्हणतो. त्यांना गादी काढायची होती. काउंटर हवे होते, प्रत्येक साडीला चिठ्ठी, संगणकाचं बिल आणि सगळ्यांना एकच भाव. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. "काका, शाळेतल्या बाई मधल्या सुट्टीत एक साडी घ्यायला येतात. त्यांना चपला काढा, बसा, चहा घ्या, अर्धा तास घासाघीस करा, एवढा वेळ आहे का? त्या समोरच्या दुकानात जातात. आणि ज्याला भाव करता येत नाही त्याला जास्त पडतं. हा कुठला न्याय?"

रशीदभाईंचं म्हणणं याहून आखूड होतं. "गादी उठली की मी बी उठलो, साहेब. काउंटरमागं उभं राहणं अपनेसे नहीं होता. आणि भाव न करता साडी विकायची म्हणजे सलाम न करता घरात शिरायचं." नांदेडच्या एका दुकानातून त्यांना निरोप येऊन गेला होता, हेही सगळ्यांना माहीत होतं. अंथरुणावरून थोरले शेठजी साडूंना एवढंच म्हणाले, "गादी गेली तर जाऊ द्या. पण तो माणूस गेला, तर दुकानात माझं काही उरलं न्हाई." म्हणजे काम असं: लग्नसराईच्या आत गादी उठली पाहिजे, रशीदभाई उठता कामा नयेत.

पहिल्याच दिवशी साडूंनी धाकट्या शेठना सांगितलं, "तुमचं शंभर टक्के बरोबर." मग गादीवर जाऊन रशीदभाईंना सांगितलं, "तुमचं शंभर टक्के बरोबर." मी फोनवर म्हणालो, "अहो, हे दोनशे टक्के झाले." ते म्हणाले, "म्हणूनच जागा पुरून न्हाई राहिली." आणि जागा पुरावी म्हणून त्यांनी सुताराकडून काउंटर करून घेतले ते चाकांचे. सकाळी काउंटर पुढं, दुपारी ते भिंतीला आणि गादी पसरलेली. सकाळी बाजारासारखं, दुपारी रशीदभाईंच्या मनासारखं. चाकांना अडसर लावायचं सुतार विसरला. औशाच्या एक भारदस्त मावशी जांभळा रंग बघायला काउंटरवर जरा रेलल्या, त्या थेट परकरांच्या विभागात जाऊन थांबल्या. साडू धावले. मावशींनी आधी त्यांना शिव्या घातल्या, मग तिथंच चार परकर घेतले. साडूंनी धाकट्या शेठना हळूच सांगितलं, "बघा, काउंटरनं विक्री वाढली."

पाटीचा प्रकार याहून वरचढ. धाकट्या शेठनी "एकच भाव" अशी पाटी रंगवून आणली. रशीदभाईंनी ती वाचली आणि त्या दिवशी डबा खाल्ला नाही. साडूंनी पाटी उतरवली, मागच्या बाजूला "बसून बोलू" असं रंगवून घेतलं आणि एकाच दोरीवर दारात टांगली. पंख्याच्या वाऱ्यानं ती फिरायची. आत येणाऱ्याला जी बाजू दिसेल तो त्याचा नियम. लोक दाराशी थांबून पाटी फिरायची वाट बघायला लागले. मी पाहिलं तेव्हा हसूही आलं आणि रागही. "हे काय चालवलंय? एक काहीतरी ठरवा!" साडू म्हणाले, "ठरवलं की एक बाजू हरती, साडूभाऊ. हरलेला माणूस कामाला येतो, पण मनानं घरीच राहतो." यात मजा होती तरी धोकाही होता. धाकटे शेठ वैतागले होते, रशीदभाई नांदेडच्या एसटीचं वेळापत्रक विचारत होते, आणि तुळशीची लग्नं जवळ आली होती.

तेव्हा साडूंनी रशीदभाईंना एक गोष्ट कबूल करायला लावली. "एक बस्ता एका भावानं करून बघा. गादीवर बसूनच करा. पण चिठ्ठीवरचा आकडा एक रुपयानं हलवायचा न्हाई. निभला तर काउंटरमागं उभं राहायचा विचार करा. मोडला तर मी स्वतः तुम्हाला नांदेडच्या गाडीत बसवून देतो." रशीदभाई बराच वेळ साड्यांच्या घड्या घालत राहिले. मग म्हणाले, "ठीक हाय. पहला बस्ता." तो पहिला बस्ता माझ्या मुलीचा निघाला.

बस्ता म्हणजे नुसती खरेदी नव्हे, हे मराठवाड्यात सांगावं लागत नाही. दोन्हीकडची माणसं एका गादीवर बसतात आणि नवऱ्या मुलाचे मामा भाव करतात. भाव किती तुटला यावर मामांची किंमत ठरते. आमचे व्याही लोह्याचे. खर्च निम्मा निम्मा ठरलेला. मामा धिप्पाड, शेतीतले, मोठ्या आवाजाचे आणि बसायला आले ते तयारीनंच. अकरा वाजता सुरुवात झाली. शालू, इरकली, आत्यांच्या, मावश्यांच्या, देण्याघेण्याच्या, सगळ्या साड्या निघाल्या. चहा दोनदा झाला. धाकट्या शेठनी संगणकावरून आकडा वाचला: एक लाख एकोणनव्वद हजार. माझ्या अंदाजापेक्षा नऊ हजारांनी वर. मी खिशातल्या कागदाकडे बघितलं. मामांनी मिशीवरून हात फिरवला.

"कंप्युटर काय म्हणतो ते राहू द्या. माणूस काय म्हणतो ते सांगा."

"मामा, एकच भाव आहे," धाकटे शेठ नम्रपणे म्हणाले. "सगळ्यांना सारखा."

"सगळ्यांना सारखा?" मामांनी गादीवरच्या सगळ्यांकडे बघून घेतलं. "मग आमी लोह्याहून एवढं लांब सगळ्यांसारखं व्हायला आलो व्हय? उठा रे! नांदेडला लई दुकानं हायेत."

वरपक्षाची बारा माणसं चपला शोधायला लागली. माझ्या मुलीचा चेहरा उतरला. रशीदभाई मांडीवर हात ठेवून बसले होते. त्यांना भाव तोडायची बंदी होती, आणि भाव न तोडता माणसं थांबवायची विद्या त्यांना कधी लागली नव्हती. धाकटे शेठ संगणकाकडे असं बघत होते, जणू तो काहीतरी बोलेल.

एवढ्यात आमचे साडू, ज्यांनी हा नियम स्वतः घालून दिला होता, ते उठले आणि वधूपक्षातून वरपक्षात गेले. मामांच्या शेजारी बसले आणि त्यांचा दंड धरून त्यांना खाली ओढलं. "बसा, मामा. भांडल्याबिगर जायचं म्हणजे ह्यांना सोडून दिल्यासारखं झालं." मग शालूचा पदर हातात घेऊन ते रशीदभाईंवर कडाडले, "हा शालू म्हणता? ह्याच्यापेक्षा आमच्या घरचा टेबलावरचा कपडा बरा!"

रशीदभाईंनी साडूंकडे पाहिलं. क्षणभर त्यांना कळेना. मग मला दिसलं, त्यांच्या खांद्यांत जीव आला. ते गुडघ्यांवर सरसावून बसले. "टेबलाचा कपडा? साहेब, तुमच्या टेबलानं मग नशीब काढलं म्हणायचं! हात तर लावून बघा, मामा. हा शालू जर खोटा निघाला ना, मी दाढी उतरवतो."

"दाढी नको, भाव उतरवा!" मामा गरजले. बारा माणसं पुन्हा बसली.

पुढचा तासभर जे चाललं त्याला घासाघीस म्हणणं म्हणजे भजनाला आवाज म्हणण्यासारखं. मामांनी दहा हजार मागितले, रशीदभाईंनी अल्ला आठवला. मामा पाचावर आले, रशीदभाईंनी थोरल्या शेठजींची तब्येत सांगितली. साडू दर वेळी मामांना चिथावत, "अजून ओढा, मामा, अजून हाय त्यांच्यात!" आणि मामांनी फारच ओढलं की रशीदभाईंची बाजू घेत, "गरिबाच्या घरी बी पोरंबाळं हायेत की ओ." बायका हसून हसून लाल झाल्या. आकडा मात्र जिथल्या तिथं होता, आणि हे कधीतरी मामांच्या लक्षात येणार होतं.

ते आलंच. "हे बघा रशीदभाई, गोडगोड लई झालं. सुटले किती?"

रशीदभाई उठले. गादीवरून उतरून अनवाणीच चालत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा काउंटरच्या मागं जाऊन उभे राहिले. संगणकावर हात ठेवून म्हणाले, "मामा, ही मशीन माझ्याहून अडाणी. हिला वरचा आकडा शिकवला, खाली यायचं शिकवलंच न्हाई. हिच्याशी काय भांडता? ती तिचं घेईल. तुमचं मी देतो." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून दहाची एक नोट आणि एक रुपया काढला आणि दोन्ही हातांनी मामांपुढं धरले. "हे साडीचे न्हाईत. मामांनी भाव केला, त्याचे."

मामा हातावरच्या अकरा रुपयांकडे बघत राहिले. मी मनात भागाकार केला: शंभर रुपयांमागं अर्ध्या पैशाहून जरा जास्त. हा माणूस आता ते पैसे फेकणार, या खात्रीनं मी डोळे मिटायच्या बेतात होतो. पण मामांनी ती नोट कपाळाला लावली, हात उंच केला आणि सबंध बाजाराला ऐकू जाईल असं ओरडले, "तोडला रे तोडला!" चहा तिसऱ्यांदा आला.

त्या लग्नसराईत अशा अकरा रुपयांवर किती बस्ते निघाले ते धाकट्या शेठनाच ठाऊक. त्यांनी त्यासाठी गल्ल्यात वेगळा कप्पा केला एवढं मला माहीत आहे. रशीदभाई नांदेडला गेले नाहीत. सकाळी शाळेतल्या बाईंसाठी काउंटरवर उभे राहू लागले, दुपारी बस्त्यासाठी गादीवर. मग गादी आधी अर्ध्या दुकानाची झाली, नंतर कोपऱ्यातली, नंतर एका माणसापुरती. पाटी "एकच भाव" या बाजूवर स्थिर झाली. पाडव्यानंतर धाकट्या शेठचा साडूंना फोन आला. शेवटची गादीही निघाली होती. रशीदभाईंनीच काढा म्हणून सांगितलं होतं. बसून उठताना गुडघे धरतात, खुर्ची बरी, असं त्यांचं म्हणणं. पेढे खायला या.

मी त्या दिवशी लातुरातच होतो, म्हणून बरोबर गेलो. फरशी पांढरीशुभ्र चमकत होती. काउंटरची चाकं काढलेली. रशीदभाई उंच खुर्चीवर, गळ्यात नावाचं कार्ड, गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका मुलीला चिठ्ठीवरचा आकडा वाचून दाखवत होते. जे व्हायला हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि कुणीही दुखावलेलं नव्हतं. धाकट्या शेठनी साडूंना शाल घातली. थोरल्या शेठजींनी घरून निरोप पाठवला होता. साडूंनी पेढा खाल्ला, सगळ्यांना बरं बरं म्हणाले. मग दाराशी जाऊन त्यांनी चपला काढल्या. आता तिथं कुणी चपला काढत नाही. ते परत आले आणि भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले.

"काका, खुर्ची आहे ना," धाकटे शेठ म्हणाले.

"असू द्या. रशीदभाई, एक साडी दाखवा."

"कुणासाठी, साहेब?"

"घरी."

"मग इकडं काउंटरवर या की."

"इथंच दाखवा."

रशीदभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. गळ्यातलं कार्ड काढून खुर्चीवर ठेवलं, काउंटरला धरत धरत खाली आले आणि समोर बसले. गुडघे दुमडताना त्यांनी ओठ दाबले. दुकानातल्या पोऱ्यानं आणून दिलेल्या गठ्ठ्यातून एक हिरवी इरकल काढली आणि मनगटाला झटका दिला. खाली गादी नव्हती. गुळगुळीत फरशीवरून पदर सरकत गेला, साडूंना ओलांडून थेट काउंटरच्या खाली शिरला. दोघंही हसले. मग साडू काठावरून बोट फिरवत राहिले.

"चांगली हाय," ते म्हणाले. "द्या."

"भाव तर विचारा, साहेब."

"द्या तुम्ही."

रशीदभाई थोडा वेळ वाट बघत राहिले. मग त्यांनी साडी गोळा केली, घडी घातली. उठायची वेळ आली तेव्हा दोघांनी एकमेकांच्या कोपराला धरलं, आणि कुणी कुणाला उठवलं ते मला समोर असूनही सांगता येणार नाही. बिल दोन हजार तीनशे चाळीस रुपये झालं. साडूंनी ते बिल करणाऱ्या मुलीकडे भरलं, रोख आणि पूर्ण.